वाळवी, वाळा आणि देवस्थानचे दप्तर

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. अंत्रुज महालातील एका देवस्थानचे चार महाजन एका दाव्याच्या कामी माझ्याकडे आले. देवीच्या नंदादीपाच्या खर्चासाठी पूर्वी कोणा भाविकाने एक कुळागर देवस्थानास लावून दिले होते व त्याच्या सुपारी-नारळांच्या उत्पन्नातून पिढ्यान्‌पिढ्या दिवा तेवत होता. दात्याच्या वंशजांपैकी एका शाखेने आता असा पवित्रा घेतला की, कुळागर दान दिलेलेच नाही. उत्पन्नातील काही भाग तेवढा स्वखुशीने देवीला पोहोचवला जात असे. तंटा सरळ होता आणि त्याला उत्तरही सरळच होते : दानपत्र दाखवावे. महाजनांतील सर्वांत वयोवृद्ध गृहस्थ मोठ्या विश्वासाने म्हणाले, "कागद आसा वकीलबाब, पेटयेंत आसा."

पेटी उघडण्याचा दिवस ठरला. तिला तीन कुलपे आणि तीन किल्ल्या तिघांच्या स्वाधीन, त्यामुळे तिघांना एकत्र आणण्यातच पंधरवडा गेला. चौकाला लागून असलेल्या एका अंधाऱ्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, फणसाच्या फळ्यांची ती भक्कम पेटी बसली होती. बाहेरून तिला ओरखडाही नव्हता. झाकण उचलले तेव्हा आत रुमालांचे गठ्ठे जसेच्या तसे रचलेले दिसले. परंतु पहिला गठ्ठा हाती घेताच तो हातातच खचला. कापडाच्या आत कागद नव्हता, माती होती. तळाच्या फळीतून शिरून वाळवीने एकामागून एक गठ्ठा आतून पोखरला होता आणि बाहेरचे कापड मात्र, जणू पंचनाम्यासाठी म्हणून, शिल्लक ठेवले होते. मोडीच्या चार-सहा ओळी उरलेल्या काही कपट्यांवरून ते दप्तर सोंदेकरांच्या अमदानीपासूनचे असावे असे दिसत होते. अंत्रुज पोर्तुगीजांच्या ताब्यात आला तो १७६३ मध्ये. म्हणजे निदान अडीचशे वर्षांचा संग्रह त्या मातीत मिसळलेला होता.

त्याच खोलीत मध्यभागी एका उंच तिवईवर दुसरी लहान पेटी होती. तीत देवस्थानच्या जुन्या कीर्दीच्या वह्या होत्या, आणि त्या शाबूत होत्या. वह्यांच्या मधोमध खारव्याची एक जीर्ण पुरचुंडी सापडली. तीत काही काळपट तुकडे आणि केसांसारख्या मुळ्यांची एक जुडी होती. पुजारी भटजींनी ती नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाळो. आनी हें वेखंड. हांव ल्हान आसतना आजो घालतालो."

दाव्याचे पुढे काय झाले ते आधी सांगून टाकतो. मूळ दस्तऐवज नष्ट झाला असता दुय्यम पुरावा देण्याची मुभा १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ६५ व्या कलमात होती. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याने घेतली असली तरी ही मुभा कायम आहे. पोर्तुगीज सरकारने १८८६ साली देवस्थानांच्या मझानियांसाठी नियमावली केली आणि १९३३ साली ती नव्याने घडवली. त्या व्यवहारात सरकारात दाखल झालेल्या मिळकतींच्या एका यादीत आमच्या कुळागराचा उल्लेख सापडला. मात्र उल्लेख म्हणजे दानपत्र नव्हे. दिलेले काय होते, जमीन की उत्पन्न, हा कळीचा मुद्दा यादीवरून ठरेना. अखेरीस तडजोड झाली आणि अर्धे कुळागर देवीकडे राहिले. उरलेले अर्धे वाळवीने खाल्ले असे म्हणावयास हरकत नाही.

तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून पुढे आला तर न्यायालय त्याच्या खरेपणाविषयी अनुकूल गृहीत धरू शकते, असे जुन्या कायद्याचे ९० वे कलम सांगत असे आणि नवा कायदाही तेच सांगतो. 'योग्य ताबा' या शब्दांवर वकिलांनी पुष्कळ वाद घातले आहेत. त्या ताबेदाराने पेटीत वेखंड घातले होते काय, हा प्रश्न मात्र मी तरी कोर्टात कधी ऐकला नाही. त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही, आणि त्याच्या पाठीमागे लागून जे हाती आले ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

आरंभीच एक अडचण आहे, आणि ती देवळात जाणाऱ्या माणसाची आहे. गोमंतकात आणि दक्षिण कोकणात सांतेरीची उपासना आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत गावोगाव तिची देवळे आहेत आणि कित्येक ठिकाणी गाभाऱ्यात मूर्तीऐवजी वारूळच असते. आपण त्याला रोयण म्हणतो. तीच देवी, तिलाच लुगडे, तिलाच फुले. सांतेरी म्हणजेच शांतादुर्गा असे मानणारी घराणीही थोडी नाहीत. केळशीहून निघालेल्या आणि कवळ्यास स्थिरावलेल्या ज्या देवीचे आजचे देवालय १७३८ च्या सुमारास शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या प्रयत्नाने उभे राहिले, तिच्या भक्तालाही रोयण परकी वाटत नाही. आता ही रोयण बांधते कोण? नाग तिच्यात नंतर राहावयास येतो, बांधणारी वाळवी. ज्या जीवाने देवीचे रूप घडवले, तोच तिचे दप्तर खातो.

आपल्या पूर्वजांना हे कोडे ठाऊक होते. शतपथ ब्राह्मणाच्या चौदाव्या कांडातील कथेत धनुष्याला हनुवटी टेकून उभ्या असलेल्या विष्णूच्या धनुष्याची दोरी वम्री कुरतडतात, धनुष्याची टोके उसळतात आणि विष्णूचे मस्तक उडते. या कामाचे मोल म्हणून देवांनी वम्रींना अन्न दिले आणि वाळवंटातही पाणी सापडेल असा वर दिला. त्याच परंपरेत प्रवर्ग्याचे महावीर पात्र घडवताना वारुळाची माती घ्यावी लागते. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या दकार्गल प्रकरणात अमुक झाडाजवळ वारूळ असेल तर अमुक दिशेला पाणी लागेल असे आडाखे दिले आहेत. नासधूस करणारी आणि पाणी दाखवणारी, अशी दोन्ही रूपे एकाच जीवाची. अशा जीवाला मारावे की नुसते दूर ठेवावे, या विचाराने वेखंड-वाळ्याचा मार्ग निघाला असेल असे मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. पण रोयणीला नमस्कार करून घरी आलेल्या माणसाला कागदाच्या पेटीत सुगंधी मुळी ठेवणे अधिक मानवले असेल, एवढा कयास करण्यास हरकत नसावी.

वाळवी ही मुंगी नव्हे. इंग्रजांनी तिला पांढरी मुंगी म्हटले, पण नाते जुळते ते झुरळाशी. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंख गाळीत पडणारी पाखरे ही तिचीच वयात आलेली संतती. या देशातील वाळवीचे पहिले तपशीलवार पाश्चात्त्य वर्णन केले ते लिनियसच्या शिष्यांपैकी योहान केनिग याने. हा वैद्य १७६८ साली तंजावर मुलखातील तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत आला, आणि पांढऱ्या मुंग्यांवरील त्याचा निबंध १७७९ साली बर्लिनमध्ये छापला गेला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, कामकरी वाळवी आंधळी असते. तिचे अंग मऊ आणि कातडी पातळ. उघड्या हवेत ती थोड्या वेळात सुकून मरते. म्हणून ती मातीचे बोगदे बांधीत, ओल आणि अंधार बरोबर घेऊनच चालते. पुढची वाट आणि मागची सोबत तिला स्पर्शाने व वासाने कळते. चालताना पोटाखालच्या ग्रंथीतून ती सूक्ष्म गंधाची रेघ सोडते आणि तिच्यामागची दुसरी त्या रेघेवरून चालते. ज्या जीवाची वाटच वासाची आहे, त्याच्या वाटेवर दुसरा उग्र वास आणून ठेवणे ही युक्ती भाबडी नव्हे.

झाडेही हेच करतात. सागाचे लाकूड वाळवी सहसा टाळते याचे कारण त्याचा कठीणपणा एवढेच नाही. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोन नावाचे द्रव्य असते, ते तिला नकोसे होते. चंदनाच्या गाभ्यातील तेल, देवदाराचे तेल, ही सर्व झाडाने स्वतःसाठी केलेली तजवीज. साल आणि तिच्या आतला पांढरा भाग वाळवी फस्त करते व गाभा सोडून देते, हे सुतारांना आपण सांगावयास नको.

आता तेल या शब्दाचा एक खुलासा केला पाहिजे. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखक एक श्लोक लिहीत असत. त्यात पोथी स्वतःच विनवणी करते की मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. शत्रूंच्या यादीत तेलाचा क्रमांक पहिला! मग तेलाने पोथी राखावयाची कशी? तर तेले दोन जातींची. तिळाचे, खोबऱ्याचे, करंजाचे, कडुनिंबाच्या निंबोणीचे तेल हे जड तेल. कागदावर पडले की डाग राहतो आणि तो कायमचा. वाळा, लवंग, वेखंड, दालचिनी, गवती चहा यांच्या अंगी असते ते उडते तेल. ते पाण्याच्या वाफेबरोबर वर येते आणि कागदावर थेंब पडला तर काही वेळाने बरेचसे हवेत विरून जाते. डाग न ठेवता जाणे हा त्याचा गुण, आणि जाणे हाच त्याचा दोष. या लेखातील सारी गोष्ट या एका वाक्याच्या पोटात आहे.

पोथ्या राखण्याची ही विद्या मोठ्या प्रमाणावर जिवंत असलेले एक स्थळ मराठी माणसाच्या इतिहासात आहे. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावरी मराठ्यांचे राज्य स्थापले आणि १८५५ पर्यंत ते नावापुरते का होईना टिकले. तेथील सरस्वती महाल ग्रंथालय दुसऱ्या सरफोजी राजांनी (१७७७-१८३२) संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी ग्रंथांनी भरून टाकले. तमिळ देशाच्या दमट उष्म्यात ताडपत्रांचा एवढा साठा टिकवणे हे सोपे काम नव्हे. तेथे वेखंड, लवंग, मिरी, दालचिनी, काळे जिरे यांची पूड कापरासह पुरचुंड्यांत बांधून कपाटांत ठेवण्याची रीत आहे, आणि ताडपत्रांना गवती चहाच्या जातीच्या गवताचे तेल पुसतात. त्याने पत्र लवचीक राहते आणि कीडही दूर राहते. आमच्या अंत्रुजातील पुरचुंडी ही त्याच कुळातली, गरीब घरची.

गोमंतकापुरते पाहावयाचे तर या द्रव्यांविषयी लेखी साक्ष बरीच जुनी आहे. गार्सिया द ओर्ता याने आपले औषधींवरील संवाद गोव्यात १५६३ साली छापले. त्यांत कापूर, लवंग, दालचिनी, चंदन यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत, आणि त्यातील पुष्कळशी माहिती येथल्या वैद्यांकडून आलेली. (या माणसाची पुढची हकीकत अशी की, १५६८ मध्ये तो मरण पावला आणि १५८० मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र उरला.) याहून मोलाची साक्ष हॉर्टुस मलबारिकुस या ग्रंथाची. डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याने कोचीनास बसून मलबारच्या वनस्पतींचे बारा खंड सिद्ध केले. ते १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापले गेले. या कामी त्याला साहाय्य करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणी वैद्य होते. आपण काय सांगितले आणि ते किती परिश्रमाने जमवले याचे कोंकणी भाषेतील, नागरी लिपीतील, १६७५ साली दिलेले त्यांचे निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे. आमच्या भाषेत ज्याला प्रतिज्ञापत्र म्हणतात त्याचाच हा प्रकार. साक्षीदारांची नावे आहेत, सही आहे, तारीख आहे. ग्रंथात कडुनिंबही आहे, वेखंडही आहे.

परंतु हे ग्रंथ औषधांचे आहेत, दप्तराचे नव्हेत. पेटीत काय घालावे ही विद्या वैद्याची नव्हे. ती कारकुनाची, पुजाऱ्याची आणि घरातल्या आजीची. ती सांगण्या-ऐकण्यातून चालत आली, आणि न्यायालयाच्या भाषेत बोलावयाचे तर ती ऐकीव आहे. माझ्या त्या लहान पेटीचेच पाहा. वह्या वाळ्याने वाचल्या असे ठामपणे म्हणावयास मी तयार नाही. ती पेटी तिवईवर होती, भिंतीपासून दूर होती, वाळवीला चढावयास वाटच अवघड होती. विरुद्ध बाजूच्या वकिलाने उलटतपासणीत मला पाच मिनिटांत गप्प केले असते. एक पुरचुंडी म्हणजे एक साक्षीदार, आणि तोही आजोबांकडून ऐकलेले सांगणारा.

दुसरा साक्षीदार निघाला तो सातासमुद्रापलीकडे. अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात, विशेषतः न्यू ऑर्लिन्स शहरात, पूर्व आशियातून आलेल्या एका वाळवीने कहर मांडला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी सामानाच्या लाकडी खोक्यांबरोबर ती तिकडे गेली असे मानतात. त्या प्रांताच्या विद्यापीठातील बेट्टी झू, ग्रेग हेंडरसन, रॉजर लेन आणि त्यांचे सहकारी यांनी आठ उडती तेले घेऊन या वाळवीवर प्रयोग केले आणि २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती आठ तेले अशी : वाळा, लवंग, चिनी दालचिनीचे पान, सेडार, दोन जातींचे निलगिरी, गवती चहा आणि जिरेनियम. यांपैकी निम्मी तरी आमच्या पुरचुंडीच्या ओळखीची होती.

निकाल मनोरंजक आहे. मारक म्हणून लवंग सर्वांत जहाल ठरली. दर चौरस सेंटिमीटरला ५० मायक्रोग्रॅम एवढ्या मात्रेत तिने दोन दिवसांत सर्वच्या सर्व वाळवी मारली. परंतु दूर ठेवण्याच्या कामी पहिला आला तो वाळा. एक ग्रॅम वाळूत वाळ्याचे तेल ५ मायक्रोग्रॅम असले तरी वाळवीचे बोगदे खणणे मंदावले, आणि २५ मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यावर तिने खणणेही सोडले आणि पलीकडे ठेवलेला कागद खाणेही सोडले. हा 'कागद' शब्द वाचला तेव्हा मला त्या अंधाऱ्या खोलीची आठवण झाली.

याचे कारणही त्यांनी शोधले. जे तेल लवकर उडते त्याचा परिणाम कमी, जे सावकाश उडते त्याचा जास्त, असा क्रम आठही तेलांत दिसला. निलगिरीचे तेल सर्वांत चंचल. वाळ्याचे सर्वांत संथ. निलगिरीचा वास नाकात झोंबतो आणि जातो. वाळ्याची जुडी माठात घातली तर दिवसेंदिवस मंद वास देत राहते, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या मंदपणातच त्याचे सामर्थ्य आहे. वाळ्यात अल्प प्रमाणात सापडणारे नूटकॅटोन नावाचे द्रव्य या वाळवीला विशेष नकोसे होते, हेही त्याच मंडळींनी दाखवले. हे द्रव्य पपनसाच्या जातीच्या एका फळातही असते; पुढे २०२० साली अमेरिकेने त्याला डास व गोचीड यांविरुद्ध वापरण्याची परवानगी दिली. आता वाळा आणि वाळवी या दोन शब्दांचे काही नाते आहे काय असे मला एका मित्राने विचारले. मी म्हटले, नात्याचे मला ठाऊक नाही. हाडवैर मात्र प्रयोगाने सिद्ध आहे.

अति उत्साह टाळला पाहिजे. हे प्रयोग काचेच्या तबकातले आणि वाळूच्या पेटीतले. ती वाळवी परदेशी. आपल्याकडील वाळवीच्या जाती अनेक आणि त्यांची वारुळे कित्येक हात खोल. देवळाच्या पायाखालच्या जमिनीत वाळ्याचे तेल ओतले म्हणजे झाले असे कोणी समजू नये; ते जमिनीत वर्षानुवर्षे टिकत नाही आणि राणीपर्यंत पोहोचतही नाही. भारतीय मानक संस्थेने इमारतींच्या वाळवी-प्रतिबंधासाठी आय.एस. ६३१३ हे मानक तीन भागांत दिले आहे. इमारतीचा प्रश्न तेथे पाहावा. वेखंडाविषयीही सावधगिरी हवी. भारतीय वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन हे द्रव्य मोठ्या प्रमाणात असते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्करोगकारक आढळले. १९६८ साली अमेरिकेने वेखंड खाद्यपदार्थांत वापरण्यास बंदी केली. पेटीतली वस्तू पेटीतच बरी.

पण दुसऱ्या बाजूचाही हिशेब मांडावयास हवा. विसाव्या शतकाच्या मध्यास आल्ड्रिन, डायल्ड्रिन, क्लोरडेन, हेप्टाक्लोर ही विषे वाळवीवरचा रामबाण म्हणून जगभर जमिनीत ओतली गेली. ती टिकत, आणि हाच त्यांचा मोठेपणा गणला जाई. पुढे कळले की ती मातीत टिकतात, पाण्यात टिकतात आणि मनुष्याच्या चरबीतही टिकतात. २००१ च्या स्टॉकहोम कराराने ही चारही विषे बंदीच्या यादीत घातली. भारताने तो करार २००६ साली मान्य केला. ज्या देवळाच्या समोर तळी आहे आणि मागे विहीर आहे, तेथे न उडणारे औषध म्हणजे काय याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता थोडा माझ्या धंद्याचा भाग. लुइझियानाच्या शास्त्रज्ञांनी वाळ्याचे तेल व नूटकॅटोन यांच्या वाळवीविरुद्ध वापरासाठी अमेरिकन पेटंटे मिळवली. हे कळल्यावर आमच्याकडील एक गृहस्थ संतापून म्हणाले, "आमची विद्या चोरली." मी त्यांना विचारले, आपण पुराव्यादाखल काय हजर कराल? हळदीच्या बाबतीत १९९५ साली दिलेले अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झाले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे आपल्या माशेल गावी जन्मलेल्या रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील संस्थेने, त्यासाठी जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले होते. कडुनिंबाच्या तेलावरील युरोपीय पेटंटाला १९९५ मध्ये हरकत घेतली गेली आणि मे २००० मध्ये ते रद्द झाले. पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यांत आपण तसेच प्रयोग केले होते, अशी एका भारतीय उद्योजकाची साक्ष त्या वेळी महत्त्वाची ठरली. मार्च २००५ मध्ये पेटंटधारकांचे अपीलही फेटाळले गेले. दोन्हीकडे कागद होता किंवा कागदाला जोड देणारा प्रत्यक्ष साक्षीदार होता. वाळ्याच्या पुरचुंडीपाशी भटजींचे आजोबा होते, आणि ते निवर्तले होते.

न्यायाने हेही म्हटले पाहिजे की, नूटकॅटोन वेगळे काढणे, मात्रा मोजणे, उडण्याचा वेग आणि परिणाम यांचा संबंध जोडणे हे त्या शास्त्रज्ञांचे स्वतःचे कर्तृत्व आहे. आजोबांना मुळी ठाऊक होती, मात्रा ठाऊक नव्हती. दुसऱ्याच्या श्रमाला चोरी म्हणण्याइतका आपला दावा भक्कम नाही. आपली खरी हानी वेगळीच आहे, आणि ती मला त्या वाचलेल्या कीर्दीत सापडली.

दावा संपल्यावर मी त्या वह्या मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्याच्या मदतीने सवडीने वाचल्या. दर वर्षी कार्तिकात, त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी, एक नोंद येते : दप्तरास वाळा, वेखंड, खारवा. तिच्यापुढे थोडीशी रक्कम. नोंद तेल आणि फुले यांच्यामध्ये असते. एका वहीत तिच्याखाली दप्तर उघडून वारा दिल्याचा आणि गठ्ठे मोजल्याचाही उल्लेख आहे. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांतील एका वहीपासून ती नोंद थांबते. कोणी बंद केली, का बंद केली, याचा उलगडा वहीत नाही. कदाचित व्यवस्था पाहणारे बदलले असतील, कदाचित कोणा काटकसरी माणसाला तो खर्च निरर्थक वाटला असेल. पुढच्या वह्यांत तेल आहे, फुले आहेत, मधली ओळ नाही.

उडते तेल वर्षभरात बहुतेक उडून जाते. म्हणून मुळी दर वर्षी बदलावी लागते. ती बदलण्यासाठी पेटी उघडावी लागते. पेटी उघडली की मातीची पहिली रेघ बोटाएवढी असतानाच दिसते. कीर्दीतील ती नोंद चालू असेपर्यंत तिन्ही किल्ल्या वर्षातून एकदा एकत्र येत होत्या. पुढे त्या एकत्र आल्या त्या माझ्या दाव्यासाठी, सुमारे अर्ध्या शतकानंतर. वाळ्याने किती काम केले आणि उघडण्याने किती, हे वेगळे काढून दाखवणे मला शक्य नाही. त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेलाही ते जमणार नाही, कारण तेथे किल्लीदार नसतात.

देवस्थानने आता लोखंडी कपाट घेतले आहे, भिंतीपासून हातभर दूर ठेवले आहे, आणि उरलेल्या वह्यांची छायाचित्रे काढून एक प्रत दुसऱ्या गावी ठेवली आहे. गेल्या कार्तिकात मी मुद्दाम गेलो होतो. भटजी थकले आहेत, पण पुरचुंडी त्यांनी स्वतः बांधली. हिशेबनीस तरुण आणि व्यवस्थित आहे; वाळा, वेखंड व कापड यांची पावती हाती धरून त्याने मला विचारले की, हा खर्च कोणत्या सदरी टाकू? प्रशासकाने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकात 'दप्तररक्षण' असे सदर नाही. मी काही सांगण्याआधीच भटजी आतून म्हणाले, "पूजेच्या सामानांत घाल." त्याने तसेच लिहिले.